नॉर्बर्ट सोफ्यावरून उठला

बेसबॉलच्या बाद फेरीत गावचा संघ एका धावेनं पुढे असताना नॉर्बर्ट सॉसेज आणायला सोफ्यावरून उठला. अशा वेळी जागा सोडायची नसते, हे मिलवॉकीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तो परतेपर्यंत सामना हातचा गेला आणि सकाळी संघाचे डावपेच ठरवणाऱ्या मॅनेजरची हकालपट्टी झाली.

"खाल्लीस बिचाऱ्याची नोकरी!" बायको डार्लीन म्हणाली.

"अगं, त्याला काढा म्हणून वर्षभर मीच बोंबलत होतो."

"मग नाच की आता."

नाचतोय कसला! नॉर्बर्ट अंगणातली पानं झाडायला गेला नि अर्ध्यातून परतला. नवा मॅनेजर याहून बिनडोक निघाला तर? शेवटी तो जुन्याला माफीचं पत्र लिहायला बसला. दुसऱ्याच ओळीत, 'पण पिचर बदलायची गरज काय होती?' असं उतरलं. त्यानं कागद चुरगळला. माफी राहिली ती राहिलीच.