नऊ नंबरची रेघ

"रेघ बघा. मला काय विचारता?"

चाक ठीक आहे ना, असं कुणीही विचारलं की काकांचं हे उत्तर ठरलेलं. तिकीट काढून आलेल्यांनाही हेच आणि मालकांनाही हेच.

हिंजवडीच्या रस्त्याला आमचा आकाशपाळणा उभा राहिला, तेव्हा मी तिथला मॅनेजर होतो. वरून अख्खं पुणं दिसतं, अशी आमची जाहिरात. दिसायच्या त्या आयटी कंपन्यांच्या काचा आणि त्यांच्यामागे कसाबसा सिंहगड. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, आमच्याकडे चाकाच्या देखभालीला. प्रत्येक डबा ज्या बोल्टवर लटकायचा, त्याच्या नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत त्यांनी पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली होती. नट फिरला की रेघ तुटणार. रोज सकाळी एकेक डबा खाली आणून ते सगळ्या रेघा बघायचे आणि मगच चहा घ्यायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या किरकिरीच्या जिवावर आपण निर्धास्त असतो.

दसऱ्याच्या आधी नऊ नंबरची रेघ दोनदा तुटली. दोन्ही वेळा त्यांनी नट आवळून नवी रेघ ओढली.

"नुसतं आवळून काय होतंय? का सुटतोय ते बघायला बोल्ट काढावा लागेल. एक दिवस बंद ठेवा."

"दसरा होऊ द्या," मी म्हणालो.

खंडेनवमीला मी मोठ्या हौसेनं चाक पूजेसाठी सजवलं. कामगारांकडून सगळे नट रॉकेलने पुसून घेतले, नवा रंग दिला, झेंडूचे हार घातले. घरी आपल्या पान्याची पूजा करून काका दुपारी आले. हात जोडले, जवळ गेले आणि जिथे रेघा होत्या तिथे एकेका नटावरून बोट फिरवत राहिले.

"छान दिसतंय," शेवटी म्हणाले. "आता विचारायचं कुणाला?"

रेघा त्यांनी पुन्हा ओढल्या. पण नव्या रेघेला कालचं काय ठाऊक?

दसऱ्याला तुफान गर्दी. मालकांनी बजावलं, "एकही डबा रिकामा फिरवायचा नाही." काका मुकाट्यानं नऊ नंबरमध्ये जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं. दिवसभर एकटेच फिरत होते. मांडीवर पाना, नजर त्या नटावर.

"आजोबांचं पोट भरत नाही वाटतं!" रांगेतली माणसं हसली. मीही हसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी ते उतरले. नट आवळून त्यांनी पुन्हा रेघ ओढली आणि माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

"साहेब, उद्या घरच्यांना आणू नका."

दिवसभर डबा अडवला म्हणून मालकांनी त्यांना त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. मी मध्ये पडलो नाही.

सकाळी नेहमीप्रमाणे चाकाच्या तीन रिकाम्या फेऱ्या झाल्या. कधी नव्हे तो मी स्वतः नऊ नंबर खाली थांबवला. काकांची रेघ मधोमध तुटली होती, आत एकही माणूस बसलेला नसताना.

फाटकाशी एका कंपनीची माणसं बायकामुलांसह बसमधून उतरत होती.

"साहेब, सगळं ठीक ना? सुरू करू?" ऑपरेटरनं विचारलं.

"रेघ बघ. मला काय विचारतोस?"

आणि मी मेन स्विच खाली ओढून चाकाची वीज तोडली.