अकरा वाफे, बारा ओळी

काळजी करू नका, असं सांगणारा उतारा मला सगळ्यांसमोर वाचायचा होता. त्या काळजीने मी तीन आठवडे धड जेवले नाही.

आमच्या भुईगावात ईस्टरआधीच्या उपवासकाळात पवित्र ग्रंथ घरोघर फिरतो. संध्याकाळी गाणी म्हणत, मेणबत्त्या धरून लोक तो एका घरी आणतात. तिथे त्याचा एक दिवस मुक्काम. दुसऱ्या संध्याकाळी सगळी आळी त्या घरी जमते, प्रार्थना होते आणि घरातलं कुणीतरी उभं राहून एक उतारा वाचतं. मग सगळ्यांनी रांगेने येऊन उघड्या ग्रंथाचं चुंबन घ्यायचं, उकडलेले चणे खायचे आणि ग्रंथ पुढच्या घरी पोचवायचा. (चण्यांमुळे गर्दी चांगली होते. देव मला माफ करो!)

इतकी वर्षं आमच्या घरचं वाचन आमचे हेच करायचे. मी मागे चण्यांच्या पातेल्याजवळ. तिथे कुणी काही विचारत नाही. यंदा मात्र उताऱ्यांच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या मार्सेलीनने टूम काढली की सगळीकडे घरच्या बाईनेच वाचायचं. मार्सेलीन आमच्या शेजारची. ती चर्चमध्ये वाचते तेव्हा माईक बंद पडला तरी कुणाला कळत नाही.

"रेजिना, तुला अगदी सोपा आलाय गं," माझ्या हातात चिठ्ठी कोंबत ती म्हणाली. "काळजी करू नका, पाखरांकडे बघा, रानफुलांकडे बघा. बारा ओळी फक्त! सातवी शिकलेल्या बाईला काय जड?"

गोम तिथेच होती. मी सातवी नाही, चौथी शिकलेय. लग्न ठरवताना माझ्या बाबांनी चहाचा कप हातात असताना 'सातवी' म्हटलं, आणि चहा संपेपर्यंत मी तीन इयत्ता पास झाले! ह्यांना मी लग्नानंतर आठवड्यात खरं सांगितलं. ते हसले आणि विसरले. सासूबाईंना मात्र तीस वर्षांत सांगायचा धीर झाला नाही. आधी त्यांचा धाक होता म्हणून, आणि मग इतकी वर्षं सांगितलं नाही ह्याचाच धाक.

वाचता येतं मला. पण बोट ठेवून. जोडाक्षर आलं की मी त्याच्याकडे बघत बसते आणि ते माझ्याकडे. त्यात चार माणसं ऐकताहेत म्हटलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालायलाच लागतात. आणि इथे तर फादर येणार, पन्नास माणसं येणार, आणि पुढे खुर्चीवर सासूबाई!

सुनेला, सिल्वियाला, सगळं सांगून टाकलं. ती बँकेत नोकरीला, तिला सगळ्यावर उपाय माहीत.

"मम्मी, वाचूच नका मग. पाठ करा."

"आणि ग्रंथ?"

"उघडा धरायचा आणि त्याच्याकडे बघत म्हणायचं. कोण बघायला येतंय?"

झालं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी सिल्विया मला एक ओळ शिकवायची, आणि ती घोकत मी वाडीत भाजीला पाणी घालायला जायचे. पहिल्या दिवशी मुळ्याच्या वाफ्यावर पहिली ओळ. दुसऱ्या दिवशी मुळ्यावर पहिली, मेथीवर दुसरी. तिसरी लाल माठावर. झारी हातात असली, पाय चालत असले, की ओळ आपोआप यायची. घरात बसून आठवायला गेलं तर काही नाही! वाफ्याशी उभी राहिले की लगेच हजर.

खरं सांगते, त्या दिवसांत मला मजाही वाटायला लागली. माठावर चिमण्या उतरतात. इतकी वर्षं मी त्यांना हुर्र करून हाकलत आले. आता त्याच वाफ्यावर माझी ओळ अशी, की पाखरांना देव खाऊ घालतो. ओळ तोंडात असताना खडा कसा मारणार? मी झारी घेऊन गप्प उभी. देव चिमण्यांना खाऊ घालत होता, तेही माझ्या माठावर! मला हसू आलं. देवाच्या पुस्तकात आपल्या वाडीचा विषय असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून पाणी घालणं हीच माझी प्रार्थना झाली. काही वाफ्यांना मी दोनदा पाणी घातलं.

पण आमच्या वाडीत वाफे अकरा आणि ओळी बारा. बारावीला जागाच उरली नाही.

"शेवटची अगदी छोटी आहे, ती येईल तुम्हाला," सिल्विया म्हणाली. मी ती नंतर बघू म्हणून सोडली ती सोडलीच.

आमच्या घरची पाळी आली त्याच दिवशी सकाळी ह्यांनी मेथी उपटून बाजाराला नेली. सगळीच्या सगळी!

"अहो, हे काय केलंत? माझी दुसरी ओळ होती ती!"

"अगं, फुलावर आली असती. दर चांगला होता."

"आणि आता मी काय म्हणू?"

"मोकळ्या वाफ्यासमोर उभी राहून म्हण ना!"

राहिले. मोकळ्या मातीकडे बघून एक शब्द आठवेना. मग मुळ्याकडून पुन्हा सुरुवात करायची, मेथीशी येऊन अडायचं, असं दुपारपर्यंत. शेवटी सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "रेजू, चणे भिजवलेस की नुसते मुळे भिजवतेस?"

संध्याकाळ झाली. माणसं आली. पन्नास म्हणत होते ती सत्तर निघाली. (चणे!) फादर आले. मार्सेलीन पहिल्या रांगेत, नवी साडी. आमच्या आल्तारावर, म्हणजे घरातल्या देवाच्या मांडणीवर, फुलं, मेणबत्त्या, आणि मध्ये लेसच्या रुमालाखाली झाकलेला ग्रंथ. प्रार्थना झाली, गाणं झालं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी आल्तारापाशी गेले. ग्रंथ रुमालासकट उचलला, लोकांकडे तोंड केलं, रुमालाची कड बाजूला केली आणि पान उघडलं.

आत सिल्विया केक कापत होती!

मी पान उलटलं. माझा मुलगा कोट घालून हसत होता. पुढच्या पानावर बँडवाले. माझ्या हातात माझ्या मुलाच्या लग्नाचा अल्बम होता!

तुम्ही म्हणाल, तिथेच थांबून सांगायचं होतं. अहो, पण सांगायला तोंडात शब्द लागतात. माझ्या तोंडात तेव्हा पाठ केलेल्या अकरा ओळींशिवाय काही नव्हतं. तेच बाहेर आलं. पहिली ओळ खणखणीत म्हटली. मार्सेलीनसुद्धा चमकली.

आणि मेथीशी अडले.

फादर मान खाली घालून थांबलेले. मी अल्बमकडे बघतेय, बँडवाले माझ्याकडे बघताहेत. पाय हलल्याशिवाय आठवायचं नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी चालायला लागले! आल्तारापासून शिलाईमशीनपर्यंत पहिला वाफा, मशीनपासून फ्रिजपर्यंत दुसरा.

"मेथी... मेथी..." तोंडातून निघून गेलं.

"मेथी कुठल्या अध्यायात आहे गं?" मार्सेलीन शेजारणीच्या कानात म्हणाली. (तिचं कानात बोलणं दारापर्यंत पोचतं.)

फ्रिजला हात टेकला आणि देवाची कृपा, दुसरी ओळ आली! मग थांबलेच नाही. फ्रिज ते खिडकी लाल माठ, खिडकी ते दार पालक. लोक पाय आवरून मला वाट देत होते. भेंडीशी वळताना पातेल्याला धक्का लागला, गवारीला अल्बमवरचा लेसचा रुमाल फादरांच्या डोक्यावरून गेला. एका हाताने मी नकळत झारीसुद्धा धरली होती, म्हणजे झारी नव्हती, हात तसा होता. अकरावी ओळ अळूशी, म्हणजे पुन्हा आल्तारापाशी, येऊन संपली. घामाने मी निथळत होते.

"देवाला धन्यवाद!" सगळे म्हणाले. इतक्या मनापासून ते कधी म्हणाले नव्हते.

वाटलं, सुटले! आणि तेवढ्यात फादर उठून पुढे आले. चुंबन! मी विसरलेच होते! मी अल्बम मिटून छातीशी घट्ट धरला.

"उघडा धरा, रेजिनाबाई," फादर हळूच म्हणाले.

काय करणार? कुठलं तरी पान उघडून धरलं. फादर भक्तीने डोळे मिटतात, म्हणून त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी वाकून चुंबन घेतलं आणि बाजूला झाले. त्यांच्या मागे मार्सेलीन. ती डोळे मिटत नाही.

"अगं आई गं! ही तर मी!"

"कोण?"

"मी! कोंबडीची तंगडी खाताना!"

खरंच, जेवणाच्या पंगतीचं पान होतं. मधोमध मार्सेलीन, दोन्ही हातांनी तंगडी धरून. म्हणजे फादरांनी नेमकं कशाचं चुंबन घेतलं, ते त्यांना चष्मा लावल्यावर कळलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

तेवढ्यात खुर्चीवरून सासूबाई ओरडल्या, "अरे देवा! ग्रंथ माझ्या पेटीतच राहिला!"

झालं होतं असं. संध्याकाळी माणसं यायच्या आधी फुलांवरून मुंग्या ग्रंथावर चढल्या. सासूबाईंनी तो झटकून आपल्या पेटीत सुखरूप ठेवला, रुमाल सपाट दिसू नये म्हणून खाली अल्बम सरकवला आणि मला सांगायचं म्हणून आल्या. तोवर चणे करपायला लागले होते. त्या चणे हलवत बसल्या आणि विसरल्या.

हसण्याचा गोंधळ थांबल्यावर फादर माझ्याकडे वळले.

"मग बाई, तुम्ही वाचलंत कुठून?"



"पाठ होतं, फादर."

"पाठ? का बरं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. आता लपवून काय उपयोग? "मी सातवी नाही शिकलेले. चौथीच. सगळ्यांसमोर वाचायची भीती वाटते मला."

सासूबाई पदराने चष्मा पुसत होत्या. "ते मला ठाऊक आहे."

"कधीपासून, आई?"

"लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. सातवी शिकलेल्या बाईला औषधाच्या बाटलीवरचं वाचायला अर्धा तास लागतो होय? मला वाटलं, सांगेल आज, सांगेल उद्या. तीस वर्षं वाट बघतेय!"

आमचे हे मागे उभे राहून छताकडे बघत होते.

फादर म्हणाले, "ग्रंथ आणा. आणि बोट ठेवूनच वाचा. आम्हाला घाई नाही." (चण्यांकडे बघणाऱ्यांना होती. पण बोललं कुणी नाही.)

सिल्वियाने ग्रंथ आणला. सासूबाई उठून माझ्या बाजूला मेणबत्ती धरून उभ्या राहिल्या. मी बोट ठेवलं आणि वाचायला लागले. अक्षरं जागची हलली नाहीत. जोडाक्षराशी अडले की सासूबाई "हं, घाई नको" म्हणायच्या. मार्सेलीन एकदा मदत करायला गेली, तर तिला त्यांनी डोळ्यांनीच खाली बसवलं. अकरा ओळी ओळखीच्याच होत्या. मग बारावी आली, वाफ्याअभावी राहिलेली. तीही बोट ठेवून वाचली. उद्याची काळजी उद्यावर सोडा, असं काहीसं होतं तिच्यात. मी तिथेच थांबले. तीन आठवडे मी नेमकी उद्याचीच तर काळजी केली होती! आणि ज्या ओळीने माझं जेवण वाचलं असतं, तेवढीच मी पाठ करायची सोडली होती. ती मी पुन्हा एकदा वाचली, ह्या वेळी फक्त स्वतःसाठी. मग पोटभर चणे खाल्ले.

आता रोज सकाळी पाणी घालून झालं की मी ग्रंथ उघडते, बोट ठेवते आणि थोडं थोडं वाचते. बरं वाटतं. आमच्या ह्यांनी न सांगता बारावा वाफाही खणून दिला, त्यात मिरची लावलीय. फादर म्हणाले, पुढच्या वर्षीही रेजिनाबाईच वाचणार. उद्याची काळजी मी आता करत नाही. काळजी फक्त पुढच्या वर्षीची. चिठ्ठीत ती येशूच्या पूर्वजांच्या नावांची लांबलचक यादी आली, तर तेवढी जमीन मी आणू कुठून?