धुतलेलं करडू

ढुशी म्हणजे मार, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी बकरी पाळलेली नसावी. नांदगाव खंडेश्वरला आमच्या शेजारी राहणाऱ्या जयवंताकाकू तर ढुशीवरूनच माया ओळखायच्या. करडानं कपाळ पुढे करून आईच्या कासेला, नाहीतर माणसाच्या गुडघ्याला हलकेच रेटलं, की म्हणायच्या, "ढुशी देल्ली. आता आपलं झालं." माणसांशी मात्र बाई भलत्याच तिखट. घरात कुणाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवलेला मला तरी आठवत नाही.

कापसानं लागोपाठ दगा दिला, अशी ती वर्षं. मुलगा सागर अमरावतीला बांधकामावर गेला आणि घर बकऱ्यांवर आलं. नवी सून दीपमाला शहरातली, आईविना मामाकडे वाढलेली. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. म्हणजे पोरीच्या नशिबी माहेरी मामी आणि सासरीही मामीच.

काकू बाजाराला गेल्या आणि इकडे चांदी बकरी व्याली. ओलं, चिकट, थरथरणारं करडू पाहून दीपमालेला भरून आलं. तिनं ते उचललं आणि कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, तेही लग्नात मिळालेल्या वासाच्या साबणानं! काकू परतल्या तेव्हा करडू गुलाबासारखं घमघमत होतं आणि चांदी त्याला लाथेनं उडवत होती. बकरी आपलं पिल्लू ओळखते ती वासानं, आणि तो तर मोरीतून वाहून गेलेला.

"काहून वं, तिनं चाटाच्या आधी तुले कोनं सांगतलं होतं धुवाले?" काकू कडाडल्या.

"मामी, आता हे मरते काय?" दीपमाला रडायलाच लागली.

काकूंनी चांदीचं दूध काढून करडाच्या अंगाला चोळलं, वरून चिमूटभर मीठ लावलं. चांदीनं हुंगलं, आणि पुन्हा लाथ. तेव्हा काकूंनी दुधाची वाटी सुनेपुढे सरकवली.

"तुह्या हातानं गेलं, तुह्याच हातानं येऊ दे. चोळ."

दीपमाला जेवायलाही उठली नाही. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायचं, चोळायचं, चांदीच्या तोंडाशी धरायचं. सकाळी मी डोकावले, तर चांदी करडाची मान चाटत होती. जाता जाता तिनं दीपमालेचं मनगटही चाटून घेतलं. करडू धडपडत कासेकडे गेलं आणि त्यानं ढुशी दिली.

"पायलं? झालं आपलं," काकू पुटपुटल्या.

दीपमाला उठली ती सरळ सासूपाशी गेली. तिनं आपलं कपाळ काकूंच्या खांद्याला लावून हलकेच रेटलं. मला वाटलं, आता बाई झिडकारतात.

"काय वं," काकू म्हणाल्या, "तूबी ढुशी देऊन राहिली?"

"हो, माय."

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. काकूंचा हात आधी नुसताच वर आला, थबकला, आणि मग सुनेच्या केसांवरून फिरत राहिला.