नामदेवरावांचं एक मिनिट

रेडिओ दुरुस्त झाला की लोक घरी घेऊन जातात. त्याच्याबरोबर आलेल्या गोष्टी मात्र दुकानातच राहतात. भोरच्या एसटी स्टँडजवळच्या माझ्या दुकानात अशा गोष्टी इतक्या साठल्या, की शेवटी मी वहीचं डावं पान दुरुस्त्यांना आणि उजवं पान माणसांना दिलं. डावीकडे ‘व्हॉल्व्ह गेला’, ‘डायलची दोरी तुटली’ असलं काहीतरी. उजवीकडे कुणी काय बोललं ते. आजवरचा अनुभव असा, की उजवं पान नेहमी आधी भरतं.

त्यातल्या एकाच वर्षाचे किस्से सांगतो. पावसानं दगा दिला आणि रेशनवर लाल मिलो, परदेशी ज्वारी, आली, ते वर्ष. दुकानात तेव्हा तिघांची बैठक असे. एक मी. दुसरे दत्तोबा, लग्नात, जत्रेत लाउडस्पीकर लावायचा त्यांचा धंदा. तिसरे नामदेवराव. त्यांची बुद्ध-भीमगीतांची गायन पार्टी होती. पेटी स्वतः वाजवत, गातही स्वतःच. भोर-वेल्ह्याच्या बौद्ध वस्त्यांतून त्यांचा आवाज लहान पोरंही ओळखत. त्या वर्षी ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि छातीत धूळ घेऊन परत आले. पार्टी बंद पडली. दुकानात येऊन बसत, खोकत, आणि खोकून झालं की दत्तोबांना म्हणत, “तुमचा भोंगा बरा. त्याला छाती न्हाई.”

या नामदेवरावांची मुलगी कुसुम. पुण्यात नातेवाइकांकडे राहून इंटर सायन्स झालेली. एक दिवस ती एक छापील पत्रक घेऊन आली. विद्यापीठात संगीत आणि ध्वनिमुद्रणाचा नवा अभ्यासक्रम निघाला होता. जागा थोड्या. पदार्थविज्ञानाची लेखी परीक्षा, मग कानाची परीक्षा, आणि आपल्या भागातल्या आवाजांची, उमेदवारानं स्वतः भरलेली एक टेप. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: ‘जिथे मुद्रण केले, त्या प्रत्येक जागेची, ती रिकामी असताना, एक मिनिट शांतता मुद्रित करावी.’

बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर माझ्याकडे होता. भाटघर धरणावरच्या एका साहेबांनी तो दुरुस्तीला टाकला होता आणि मध्येच त्यांची बदली झाली. त्यांनी चिठ्ठी पाठवली, ‘परत येईन तेव्हा नेईन. तोवर वापरात ठेवा, पडून राहिला तर बिघडेल.’ स्पूल मात्र एकच. चुकलं की त्याच जागेवर पुन्हा भरायचं.

दत्तोबांना ती शेवटची ओळ पटेना. “गाणं भरत्यात ते कळतं. गप बसलेलं कशाला भरायचं?”

कुसुमनं समजावलं, की प्रत्येक जागा वेगळी गप असते. टेप कापून जोडताना मध्ये त्याच जागेची शांतता घालावी लागते, नाहीतर भोक पडल्यासारखं ऐकू येतं.

दत्तोबांनी बराच विचार केला. “म्हंजे ठिगाळ. त्याच कापडाचं.”

जाताना नामदेवरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “व्हईल का हो तिचं?” मी म्हटलं, होईल. ते म्हणाले, “व्हायला पायजे. माझ्या हातनं आता दुसरं काय व्हायचं ऱ्हायलं न्हाई.”

* * *

पहिलं मुद्रण कामथडीला, ज्ञानोबा नावाच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर. विहिरीवरचं इंजिन पाणी संपत आलं की वेगळं वाजतं, तो आवाज कुसुमला हवा होता. त्या वर्षी त्यासाठी फार थांबावं लागलं नाही. अर्ध्या तासात पाणी संपलं, आवाज छान मिळाला.

मग इंजिन बंद करून विहिरीची शांतता भरायला घेतली. माइक दत्तोबांच्या हातात होता. कुसुमनं कानाला हेडफोन लावून खूण केली. स्पूल फिरायला लागली. आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं दत्तोबांनी माइक तोंडाशी नेला.

“हॅलो, हॅलो. कामथडीचे ज्ञानोबा यांच्याकडून एक मिनिट शांतता सप्रेम भेट.”

कुसुमनं कपाळाला हात लावला. ज्ञानोबा मात्र खूश झाले. म्हणाले, “थोरल्याच्या नावानं बी एक टाका.”

मी वहीत लिहिलं आहे: त्यांच्या विहिरीत त्या वर्षी दुसरं काही भेट देण्यासारखं उरलंही नव्हतं.

* * *

एका गावी जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एक म्हातारी होती. गावाचं नाव वहीत आहे, इथं लिहीत नाही.

आम्ही गेलो तर तिनं जात्याला हात लावला नाही. घरात दळायला दाणा नव्हता, आणि “रिकामं जातं फिरवत्यात का कुठं? घरात अवदसा येती.” नुसत्या ओव्या म्हणा म्हटलं, तर दोन शब्दांच्या पुढे जाईना. हात फिरल्याशिवाय तोंडात येत नाही म्हणाली.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. या खेपेला कुसुमनं घरच्या रेशनमधली शेरभर मिलो पिशवीत बांधून आणली होती. म्हातारीनं पिशवी घेतली आणि विचारलं, पोरगी कुणाची? कुसुमनं सरळ सांगितलं.

मग मी आणि दत्तोबा आत. कुसुम अंगणात, तुळशीच्याही पलीकडे. दत्तोबा जात्यापाशी माइक धरून बसले, मी उंबऱ्यात वायर सांभाळत, आणि कुसुम बाहेर उन्हात हेडफोन लावून. म्हातारी गोड गायली. त्यात काही शंका नाही. दळण झाल्यावर तिनं आम्हाला पाणी दिलं. आम्हा दोघांना तांब्या हातात. कुसुमला ओंजळ करायला सांगून वरून ओतलं, चांगलं हातभर उंचावरून.

परतताना कोसभर गेल्यावर दत्तोबा म्हणाले, “पोरी, तुझी मिलो घरात गेली, माइक घरात गेला. तू तेवढी अंगणात.”

कुसुम म्हणाली, “मामा, वायर पुरली ना? मग झालं.”

* * *

वेल्ह्याला एसटीनं गेलो आणि तिथून पायी तोरण्याच्या अंगाला, धनगरवाड्यावर. दिवस मावळताना मेंढरं वाड्यात शिरतात, तो आवाज भरायचा होता. धोंडिबा म्हणून म्हातारा धनगर होता. त्यानं काठी टेकून सगळं बघितलं, मध्ये एक शब्द बोलला नाही. असा शहाणा माणूस दत्तोबांच्या जोडीला हवा होता, असं मला वाटून गेलं.

मुद्रण झाल्यावर कुसुमनं त्याच्या कानाला हेडफोन लावून ते ऐकवलं. आधी तो दात नसलेल्या तोंडानं हसला. मग हसू गेलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन काढून हातात धरला.

“लई थोडी वाजत्यात.”

मी म्हटलं, धोंडिबा, किती राहिलीत ते तुम्हाला ठाऊकच असेल की.

“व्हय. डोळ्याला ठावं हुतं,” तो म्हणाला. “कानाला आज कळलं.”

* * *

शेवटी कुसुमला वडिलांचं गाणं हवं होतं. टेपेची सुरुवातच त्यानं करायची, असं तिनं ठरवलं होतं.

आम्ही सकाळी सातला त्यांच्या घरी गेलो. घर एका खोलीचं. नामदेवरावांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले आणि पेटी पुढ्यात ओढली. पहिलं कडवं असं आलं, की दारात शेजारपाजारची माणसं जमली. दुसऱ्या कडव्याला खोकला. पुन्हा सुरुवात. या खेपेला पहिल्याच कडव्यात. तिसऱ्या खेपेला भाता ओढला आणि सुरांऐवजी खोकलाच आला.

कुसुम म्हणाली, “आबा, पहिलं कडवं ठेवू. खोकल्याच्या आधी तोडते.”

“नको. तिथं लोक आयकत्याल आन् म्हनत्याल, पुढं का थांबला? पूस सगळं.”

सोनाबाई, म्हणजे कुसुमची आई, चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या की येक.” नामदेवरावांनी ऐकलं नाही. गाणं टेपेवर राहिलं नाही.

उरली खोलीची शांतता. पत्र्यावरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज आधी एकदा याच घरात भरलेला होता, म्हणून त्या खोलीचं एक मिनिट लागणारच होतं. सोनाबाई आणि मंडळी बाहेर गेली. नामदेवराव उठू लागले. बाहेर कडक गारठा होता. उंबऱ्यात नुसता वारा लागला आणि त्यांना पुन्हा उबळ आली, भिंत धरावी लागली. कुसुमनं त्यांना हाताला धरून परत आणून बसवलं.

मी पत्रकाची आठवण दिली. रिकामी जागा, असं लिहिलं आहे.

नामदेवराव म्हणाले, “मी हाय कुठं? किती येळ गप बसायचं ते सांगा.”

“एक मिनिट, आबा.”

“दम धरतो. लाव.”

मी घड्याळ धरलं. गाणं जिथं भरलं होतं, तिथूनच कुसुमनं स्पूल सुरू केली. नामदेवरावांनी दोन्ही हात पेटीवर ठेवले आणि तोंड मिटलं. तीस सेकंदांना त्यांच्या कपाळाच्या शिरा दिसायला लागल्या. पंचेचाळीसला डोळ्यांतून पाणी आलं. कुसुम त्यांच्याकडे बघत नव्हती, टेपरेकॉर्डरच्या काट्याकडे बघत होती. साठ झाले, बटण दाबल्याचा खट्ट आवाज झाला, आणि मग जो खोकला सुरू झाला तो आम्ही चहा पिऊन उठलो तरी चालूच होता.

त्यातही मध्ये थोडी उसंत मिळाली तेव्हा हसले. “जन्मभर गायलो, टेपीवर आलो न्हाई. गप बसून आलो.”

* * *

परीक्षेला कुसुमबरोबर मी गेलो. बाहेर बाकावर बसलो होतो. आत काय झालं ते परतीच्या एसटीत तिनं सांगितलं.

कानाच्या परीक्षेत वेगवेगळे आवाज लावले आणि कशाचे ते लिहायला सांगितलं. त्यात एक पाण्याचा होता. कुणी नळ लिहिलं, कुणी ओढा. कुसुमनं लिहिलं, ‘ओंजळीत वरून ओतलेलं पाणी.’ नंतर मुलाखतीत परीक्षकांनी विचारलं, की बरोबर एवढं एकच उत्तर आलं, तुम्ही कसं ओळखलं?

ती म्हणाली, “ऐकलेलं आहे, सर. खालून.”

मग टेप लावली. जातं, मेंढरं, इंजिन, सगळं ऐकलं. घराची शांतता आली तेव्हा एका परीक्षकांनी कागदावर खूण करता करता सहज विचारलं, “ही रिकामी खोली ना?”

“नाही सर. वडील आहेत आत.”

त्यांनी पुन्हा लावून ऐकलं. काही ऐकू आलं नाही. पत्रकात काय लिहिलं होतं, ते वाचलं होतं का, असं विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी आपसात काही बोलून कागदावर लिहिलं, स्पूल परत दिली आणि जायला सांगितलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, अगं, नुसतं हो म्हणाली असतीस तर कोण बघायला येणार होतं? एवढ्यासाठी वर्ष घालवलंस.

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “काका, आबा आहेत त्यात. नाहीत असं कसं म्हणू?”

* * *

नामदेवराव त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दत्तोबांनी स्वतःहून लाउडस्पीकर आणला. वंदना घेणारे आले, माणसं बसली. दत्तोबांनी मशीन लावलं, माइक हातात घेतला, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि तसाच, काही न बोलता, वंदना घेणाऱ्यांच्या हातात दिला.

त्यांनी विचारलं, “चालू आहे का?”

दत्तोबांनी नुसती मान हलवली. इतक्या वर्षांत ‘हॅलो’ न म्हणता त्यांनी चालू केलेला तो एकच माइक.

* * *

निवड झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. कुसुमनं ते वाचलं, घडी केली आणि आईला एकटी टाकून जाणार नाही म्हणाली. दत्तोबांनी रागावून बघितलं, मी समजावून बघितलं. प्रवेश घ्यायचा शेवटचा दिवस आला.

त्या सकाळी मी दुकान उघडतो तोच सोनाबाई आल्या. डोक्यावर पत्र्याची ट्रंक. मागून कुसुम, रडून डोळे सुजलेली. पुण्याची गाडी समोर स्टँडला लागलेली होती. सोनाबाईंनी ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाल्या, “भावजी, गाडीला येळ हाय. ते आमच्या घरातलं लावा. गप बसलेलं.”

मी स्पूल चढवली. त्यांनी तोवर ते ऐकलेलं नव्हतं. कुसुमनं हेडफोन त्यांच्या कानाला लावले, पदर नीट केला. मी बटण दाबलं. स्पूल फिरू लागली. सोनाबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या, नजर फिरत्या स्पुलीवर. माझं लक्ष सवयीनं घड्याळाकडे गेलं. वीस झाले. तीस झाले.

चाळिसाच्या पुढं काटा गेला, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“बास करा भावजी. किती येळ दम धरायचा त्यांनी.”