मागे रन नाही
मुलीच्या नव्या बॅटला जवसाचं तेल चोळायला घेतलं, आणि त्या वासाने इथल्या, कार्डिफमधल्या आमच्या शेजारच्या आजी आठवल्या. तरुणपणी त्या इथल्याच एका बेकरीत कामाला होत्या आणि बेकरीच्या बायकांच्या टीममधून बेसबॉल खेळायच्या. त्यांचे फटके बघायला म्हणे अख्खी गल्ली पार्कात लोटायची. एका रविवारी त्याच पार्कात आम्हा मराठी मंडळींचं क्रिकेट रंगलं होतं, तेव्हा त्यांनी हातातली काठी माझ्याकडे दिली आणि बॅट मागितली. माझ्या नवऱ्याने घाबरत अगदी हळू बॉल टाकला, तो त्यांनी सरळ सोडून दिला. "मी काचेची नाही, नीट टाक!" पुढचा बॉल जोरात आला, तशी त्यांनी खांद्यावरून बॅट फिरवली आणि बॉल पाठीमागच्या झाडांपलीकडे गेला. आम्ही सवयीने एका सुरात ओरडलो, "मागे रन नाही!" हा आमच्या लहानपणीच्या गल्लीतला नियम. मी तो समजावून सांगितल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. "आमचा वेल्सचा बेसबॉल अमेरिकेसारखा नाही, त्यात चारही दिशांना मारता येतं," म्हणाल्या, आणि काठी न घेताच रन काढायला निघाल्या. बॉल आणायला कोणी जागचं हललंच नाही. आता त्या नाहीत, आणि तेवढं लांब आमच्यापैकी कोणाला मारताही येत नाही. तरी दर रविवारी आमचा एक फील्डर त्या झाडांपाशी उभा असतो.