भंडारदऱ्याला जायचं कसं

श्रीरामपुरात घर असलं की पाहुण्यांना तोटा नसतो. इकडे शिर्डी, तिकडे शिंगणापूर. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा दर सुट्टीत कुणी ना कुणी येऊन उतरायचं आणि चहा घेता घेता विचारायचं, शिर्डीहून शिंगणापूरला कसं गेलेलं बरं? मी उत्साहानं सांगायचो. एसटी राहुरीपर्यंत सोयीची, पण पुढे सोनईकडे जायला ताटकळावं लागतं. काळी-पिवळी जीप थेट नेते, पण भरल्याशिवाय हलत नाही. बरोबर म्हातारं माणूस असेल तर सरळ गाडी करा.

बायको आतून पोळ्या लाटत ऐकत असायची. पाहुण्यांबरोबर ती दोन्हीकडे कितीतरी वेळा जाऊन आली होती. तिला जायचं होतं भंडारदऱ्याला. ती शाळेत असताना तिथं सहल गेली तेव्हा ती तापानं फणफणली होती, आणि मैत्रिणी मात्र धुक्यातलं धरण पाहून आल्या होत्या. लग्नानंतर माझी आई अंथरुणाला खिळली. आई गेली, मुलगा शिकायला परदेशी गेला, आम्ही मोकळे झालो, तेव्हा हिचा खोकला सुरू झाला. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, डॉक्टर म्हणाले. औषधानं वेग कमी होईल, दुखणं मागे फिरणार नाही.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी घालून ती पलंगावर बसायची. एका सकाळी म्हणाली, "अहो, सगळ्या जगाला वाट सांगता. मला सांगा ना, भंडारदऱ्याला कसं जायचं?"

मी विचार करू लागलो. एसटीनं संगमनेर, तिथून अकोले, मग राजूर. तीनदा चढउतार, आणि हिला घरातली मोरी गाठताना धाप लागायची. रेल्वेनं मनमाड, पुढे इगतपुरी; पण पुलाचे जिने कोण चढणार? राहिली गाडी. गाडीत मशीन चालणार नव्हतं, सिलिंडर लागणार होता. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आता जमलं तर जमलं."

हिवाळ्यात निघालो. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. ड्रायव्हर ओळखीचा होता, हळू चालवत होता. संगमनेरपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. अकोल्याला चहा प्यायली. राजूर मागे पडलं आणि तिचे ओठ निळसर दिसू लागले. मी ऑक्सिजन वाढवला. थोड्या वेळानं आणखी वाढवला. सिलिंडरवरचा काटा झरझर खाली येत होता.

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. मला खाली बोलावून हळूच म्हणाला, "काका, फुडं रस्ता लई वळनाचा हाय. वर काय झालं तर दवाखाना न्हाई. काकूला जपा."

"जवळ आलोय रे आपण."

"व्हय. पन परत बी यायचंय."

मी दारापाशी गेलो. तिनं माझा हात धरला. एकेक शब्द तोडत म्हणाली, "वळवू दे त्याला. तुमचा चेहरा बघवत नाही."

"थोडा वेळ थांबून बघू या."

तिनं डोळे मिटून नकारार्थी मान हलवली. गाडी वळली. राजूरच्या दवाखान्यात सिलिंडर बदलून मिळाला. त्यावर घरी पोचलो.

त्यानंतर ती झपाट्यानं खालावली. अंगणात बसायची ते बंद झालं, मग स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहणंही. मागच्या रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "आई, मी उन्हाळ्यात येतो. मोठी गाडी करू, जास्तीचे सिलिंडर घेऊ, बरोबर नर्स घेऊ. तुला धरण दाखवल्याशिवाय परत जाणार नाही."

"ये, ये," ती हसून म्हणाली.

फोन बंद झाल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"तो आला की गाडीचं काही काढू देऊ नका. नुसतं इथं बसायला सांगा."

मी हो म्हणालो. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी मला बाहेर नेऊन सांगितलं होतं की उन्हाळ्याचं काही धरून चालू नका. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कूस बदलली. तिला नीट श्वास घेता यावा म्हणून मी पाठीमागे आणखी एक उशी लावली.