उतारावरची पांढरी गाडी

वरळी कोळीवाड्याच्या मागच्या अंगाला होड्या पाण्यात सोडायला आणि वर ओढायला सिमेंटचा एक उतार आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी कठडा. त्या कठड्यावर बसून मी कित्येक वर्षं रविवारची सकाळ घालवली. गरवायला जायचे मी. गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं. आमच्या मालवणी घरात गळाला गरीच म्हणतात, आणि ती टाकायला मला वडिलांनी शिकवलं. ते गिरणीत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी लालबागहून मला बरोबर घ्यायचे. आई कुरकुरायची, तिकडे ते लक्ष द्यायचे नाहीत. त्यांचं एकच सांगणं असायचं, "पाणी कोणाच्या बापाशीचा नाय, पण वाट होडयेची." म्हणजे होडी आली की गरी वर घ्यायची. मासा लागलेला असला तरी.

आता मी परळच्या एका इस्पितळात लॅबमध्ये आहे. पन्नाशी जवळ आलीय. आठवडाभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या हाताळल्यावर रविवारी कुणाशी फार न बोलता पाण्याकडे बघत बसायला मिळावं, एवढीच माझी हौस होती.

तिथे बसणारे आम्ही सगळे तसे अनोळखीच. कोण कुठे राहतो, काय करतो, कुणी विचारायचं नाही. पण रीत सगळ्यांना ठाऊक होती. शेजारच्याच्या दोरीवरून आपली दोरी फेकायची नाही. गुंता झालाच तर ज्याने मागाहून टाकली त्याने आपली कापायची. आणि होडी आली की नुसती दोरी गुंडाळून बसून राहायचं नाही, खाली उतरून होडी ओढायला हात लावायचा. ही रीत मला कुणी सांगितली नव्हती. बघूनच कळली.

माझ्या शेजारी एक काका बसायचे. गिरगावातले, जुन्या घराण्यातले, सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट घालून गरवायला येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पकडलेला शिंगाळा मासासुद्धा ते "माफ कर बाबा" म्हणून गरीवरून सोडवायचे. मला आधी अहोजाहो करायचे, मग कधीतरी अगंवर आले.

गेल्या हिवाळ्यात त्या कठड्यावर तिघे नवे लोक यायला लागले. तिशीतले, मराठीच. चकचकीत रॉड, रीळ, आणि एकाच्या हातात सतत फोन, कारण गरवण्यापेक्षा त्याचं शूटिंग महत्त्वाचं. दुसऱ्यांच्या दोऱ्यांवरून फेकायचे. एकदा त्यांच्यातल्या टोपीवाल्याची दोरी काकांच्या दोरीत अडकली. काकांच्या गरीला तेव्हा मासा लागलेला होता, दोरी ताठ होऊन थरथरत होती. त्या माणसाने खिशातून कात्री काढली आणि काकांची दोरी कापली. त्यांना न विचारता. मग म्हणाला, "सॉरी हां अंकल, माझी लाइन ब्रेडेड आहे, महाग येते."

काका म्हणाले, "असू दे."

मी घरी गेल्यावर दोन दिवस त्या 'असू दे'वर धुमसत होते. भांडी घासताना, नळ्यांवर लेबलं लावताना. टोपीवाल्याचा राग येत होताच, पण काकांचाही येत होता.

मग तो रविवार आला. सकाळची वेळ, ओहोटी लागलेली. ते तिघे आले ते थेट गाडी घेऊन. मोठी पांढरी गाडी त्यांनी उलटी घेत उतारावरून पार पाण्यापर्यंत आणली, मागचं दार वर उघडलं आणि एक निळी रबरी बोट खाली पसरली. गाडीच्या बॅटरीवर पंप लावून तिच्यात हवा भरायला घेतली. सगळा उतार अडला. फोनवाला शूटिंग करत होता, टोपीवाला कॅमेऱ्याकडे बघून बोलत होता.

थोड्या वेळात नाखव्याची होडी आली. नाखवा म्हणजे होडीचा मालक, साठीचा कोळी. तो आणि त्याचा भाऊ पहाटे जाळं मारायला जायचे आणि या वेळेला परतायचे. आम्ही सवयीने दोऱ्या गुंडाळल्या. नाखव्याने इंजिन बंद केलं आणि समोर गाडी बघून हाक दिली, "ओ शेठ, गारी जरा वर घ्या."

टोपीवाल्याने मान वळवली नाही. "हो काका, दोनच मिनिटं."

पाणी उतरत होतं. उताराच्या बाजूचे खडक डोकी वर काढायला लागले होते. अजून थोडं उतरलं असतं तर होडी त्या खडकांवर बसली असती. हे तिथे बसणाऱ्या कुणालाही दिसत होतं. काका उठले, चपला घातल्या, खाली गेले.

"नमस्कार. त्यांना होडी वर घ्यायची आहे. आपण गाडी जरा पुढे घेतलीत तर बरं होईल."

"अंकल, हवा भरतेय ना. आता थांबवली तर परत पहिल्यापासून करावं लागेल."

काका वर आले. थोडं थांबून पुन्हा गेले. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मीही मागोमाग उतरले आणि म्हणाले, "गाडी काढ."

"मॅडम, नीट बोला. पब्लिक रॅम्प आहे. टॅक्स आम्ही पण भरतो."

"पब्लिक म्हणजे तू एकटाच का?"

फोनवाला हसला. "चिल आंटी. संडे आहे."

काकांनी माझ्या कोपराला धरलं. हळूच म्हणाले, "आवाज चढवू नकोस. चढवला की अशी माणसं मुद्दाम अडून बसतात." मी दात आवळून उभी राहिले.

नाखवा उताराच्या दगडी कडेला होडी लावून उभा होता. एका हाताने कड धरली होती, दुसऱ्या हातात काठी. तो रोज समुद्राची वाट बघणारा माणूस, अशा तिघांची बघायला त्याला काय जड. तेवढ्यात लांबून एक मोठी लाँच गेली. तिच्या लाटा येताना आम्हाला दिसल्या, नाखव्यालाही दिसल्या. तो भावाला काहीतरी ओरडला. पहिली लाट त्याने काठीने सांभाळली. दुसऱ्या लाटेने होडी उचलली आणि कडेवर आपटली. त्याचा उजवा हात मध्ये होता.

तो ओरडला नाही. घशातून नुसता एक आवाज आला. भावाने उडी मारली, आम्ही चार-पाच जण गुडघाभर पाण्यात शिरलो आणि त्याला वर काढलं. दोन बोटांचा चेंदामेंदा झाला होता. काकांनी खांद्यावरचा पंचा दिला, मी तो गच्च गुंडाळला आणि हात वर धरून ठेवला. रोज रक्त बघते मी, पण ते नळीतलं. हे माझ्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळत होतं.

पंप अजून चालूच होता. ती घरघर मला अजून ऐकू येते.

मी टोपीवाल्याला म्हटलं, "गाडीत घ्या यांना. हॉस्पिटलला."

त्याचा चेहरा उतरला होता, हे मी मान्य करते. पण तो म्हणाला, "हो हो, नक्की. एक मिनिट, सीटवर काहीतरी टाकू दे. नाहीतर मी कॅब बुक करतो ना, लगेच येईल." आणि त्याने खरोखरच फोन काढला.

काका पुढे झाले. त्यांनी मागच्या सीटचं दार उघडलं, नाखव्याला खांद्याला धरून आत बसवलं, मला बसायची खूण केली. स्वतः पुढचं दार उघडून आत बसले. काच खाली घेतली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "आपण चालवताय, की मी चालवू?"

टोपीवाल्याने पंपाची वायर ओढून काढली, डिकीचं दार पाडलं आणि येऊन बसला. नाखव्याचा भाऊ होडीपाशी राहिला. तिच्यात सकाळचा सगळा माल होता.

गाडीत थंड एसी आणि अत्तरासारखा कसला तरी वास. नाखव्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी हात वर धरला होता, तरी तो सारखा माझ्याकडून तो काढून घेत होता आणि स्वतःच्या छातीशी धरत होता. मला आधी कळेना. मी म्हटलं, "वर राहू दे नाखवा, रक्त थांबेल."

तो म्हणाला, "त्यांच्या गारीला लागंल."

पुढे आरशात टोपीवाल्याचे डोळे दिसत होते. त्यांची नजर आमच्या सीटवर होती. आजवर मला खूपदा राग आलाय, घरात, कामावर, रांगेत. पण त्या एका वाक्याने आला तसा कधी आला नव्हता. आणि तो कुणावर काढावा, तेही कळत नव्हतं. मी नाखव्याचा हात जरा जोरातच ओढून वर धरला. रक्त सीटवर पडलं. पडू दिलं.

इस्पितळाच्या दारात टोपीवाल्याने आम्हाला उतरवलं. "काही लागलं तर सांगा," म्हणाला. कुठे सांगायचं ते सांगितलं नाही. नाखव्याचं एक बोट वाचलं. दुसरं वरच्या पेरापासून काढावं लागलं. मी तिथेच कामाला असल्यामुळे आत-बाहेर करत राहिले. काका बाहेर बाकावर ओल्या पॅंटने संध्याकाळपर्यंत बसून होते.

मंगळवारी लॅबमध्ये एका सहकारी मुलीने फोन पुढे केला. "हे बघा मॅडम, तुमच्या वरळीचं." व्हिडिओ होता. उतार, निळी बोट, समुद्र, मग धावपळ, आणि टोपीवाला गाडीत बसताना. खाली लिहिलं होतं की संडेची फिशिंग ट्रिप सोडून एका कोळी काकांना हॉस्पिटलला पोहोचवलं, माणुसकी पहिली. त्याखाली लोकांनी हात जोडलेले, बदाम टाकलेले. 'सलाम भाऊ.' 'अशीच माणसं हवीत.' नाखव्याला कुणी विचारलं नव्हतं, त्याचा चेहरा दाखवू का म्हणून.

मी ग्लोव्ह काढले आणि माझ्या फोनवरून त्या व्हिडिओखाली उभ्या उभ्या लिहिलं. गाडी कुठे उभी होती, किती वेळा विनंती केली, सीटवर काय टाकायचं म्हणत होता, सगळं. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बघितलं तर माझं लिहिलेलं गायब. थोड्या वेळाने मला तो व्हिडिओच दिसेनासा झाला. सहकारी मुलीच्या फोनवर दिसत होता.

पुढच्या रविवारी मी गेले तर उताराच्या तोंडाशी साखळी लावलेली, बाजूला पाटी. कोळी बांधवांच्या होड्यांखेरीज कुणालाही प्रवेश नाही, गळ टाकण्यास सक्त मनाई. वाड्यातल्या लोकांनी बैठक घेऊन ठरवलं होतं. काका पाटीसमोर पिशवी घेऊन उभे होते. म्हणाले, "योग्यच केलं त्यांनी."

आम्ही नाखव्याच्या घरी गेलो. गल्ली इतकी अरुंद की एकामागे एक चालावं लागतं. तो पलंगावर बसला होता, हाताला जाड पट्टी. त्याची बायको दारातच उभी राहिली. तिने आम्हाला आत या म्हटलं नाही.

मी म्हणाले, "आम्ही त्यांच्यातले नाही हो. आम्ही वाट दिली होती."

"दिली ना," ती म्हणाली. "मंग? त्याचा हात जाईपरत तुमी बघतच व्हतां ना? तुमी धा जनं, ते तीन. येक गारी हालवाला नाय आली तुमाला?"

आतून नाखवा म्हणाला, "जाव दे ग. या बायनंच मना नेलं."

"नेलं. मंग नेलं," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिने दोन पेले पाणी बाहेर आणून दिलं. आम्ही ते उभ्याने प्यायलो.

परतताना मी काकांच्या पुढे भराभर चालत राहिले. तिचं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच मला सहन होत नव्हतं. आम्ही इतक्या रविवारांत एकमेकांना वाट द्यायला शिकलो होतो. वाट अडवणाऱ्याला हटवायचं कसं, ते आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

महिनाभराने काकांचा फोन आला. शिवडीच्या बाजूला एक जुना धक्का आहे, तिथे थोडेफार लोक बसतात, येतेस का. मी गेले. समोर चिखल, लांब गोदामं, पाण्याला डिझेलचा वास. जागा मला आवडली नाही. आम्ही कडेला बसलो. काका गरीला कोळंबी लावत होते.

मी विचारलं, "तुम्हाला राग येत नाही का हो कधी?"

"येतो की," ते म्हणाले. "त्या दिवशी गाडीत त्याच्या शेजारी बसलो तेव्हाही आला होता. पण रागावून काय होतं? रागाने कुणी गाडी हलवत नाही."

मी म्हटलं, "काका, विनंती करूनही हलवली नाही. तुम्ही तीनदा केलीत."

त्यांनी कोळंबी गरीत पुरती ओवली. मला वाटलं, काहीतरी समजावतील, नेहमीसारखं.

"हो," ते म्हणाले. "ते खरंय."

मग त्यांनी गरी पाण्यात सोडली. माझी पिशवी मी उघडलीच नाही.